भाचीला रॉकेट उडवायचंय: श्रीहरिकोट्यातली नोकरी नक्की असते कशी?

यंत्रमागवाला

नमस्कार मंडळी. मुक्काम सोलापूर, पूर्व भाग. घरचे आठ माग आहेत, टॉवेलचे. माग अडला की जॉबरला फोन करायचा, एवढंच माझं इंजिनिअरिंग.

भाची यंदा दहावी झाली, मार्क चांगले आहेत. पुढं काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मामा, मला रॉकेट लाँच इंजिनिअर व्हायचंय." शास्त्रज्ञ नको, अंतराळवीर तर नकोच. "ते उडवतात ना, ते." २०२३ साली चंद्रयान चंद्रावर उतरलं तेव्हा शाळेत मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं. सगळी पोरं उतरण्याचं बोलत होती. हिच्या डोक्यात मात्र १४ जुलैचं उड्डाण बसलंय. ते तिनं मोबाईलवर किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही.

आता घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते, अकरावी सायन्स घ्यायचं आणि लातूरला क्लास लावायचा. भाऊजी म्हणतात, इथंच डिप्लोमा कर, तीन वर्षांत हातात काहीतरी येईल. मला दोघांना उत्तर द्यायचंय, पण ही नोकरी असते कशी, हेच ठाऊक नाही. बटण दाबायचा पगार देतात का? मुलींना घेतात का? मराठी माध्यमाचं काय? कुणी आत काम केलेलं असेल तर सांगा.

मंगळवार_पेठ

काय बे, एवढं लांब कशाला जायचं? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम असतंय, तिथं लाव की शिकायला. चार बाण उडवले की अनुभवाचा दाखला.

(गंमत. पोरीला माझ्याकडून शाब्बास सांग. आमचा पोरगा दहावीनंतर झोपलाय तो अजून उठला नाही.)

उलटी_गणती

धागा बघितल्यावर राहवलं नाही. मी सोलापूरचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंजिनिअर झाल्यावर नोकरीची जवळपास सगळी वर्षं श्रीहरिकोट्यात, इस्रोच्या उड्डाण तळावर गेली. आता निवृत्त आहे. माझा विभाग, हुद्दा वगैरे इथं लिहीत नाही, आणि सांगतो ते सगळं उघड माहितीतलंच आहे.

भाचीला पहिली गोष्ट ही सांगा की उडवायचं बटण कुणी दाबत नाही. शेवटच्या काही मिनिटांत ताबा संगणकाकडे जातो. तो शेकडो आकडे तपासत पुढं सरकतो: टाक्यांमधला दाब, बॅटऱ्या, झडपा. त्यानंतर माणसांकडे एकच काम उरतं, थांबवायचं. आमचं प्रशिक्षण, आमच्या सह्या, रात्री बारा वाजताच्या आमच्या बैठका, सगळं थांबवायचं कधी यासाठीच. उडालेली रॉकेटं लोकांच्या लक्षात राहतात. आम्हाला न उडालेल्या तारखा पाठ असतात.

माझी सगळ्यात लाडकी तारीख २८ मार्च २००१. जीएसएलव्ही या इस्रोच्या मोठ्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण होतं. त्या रॉकेटच्या मधला जाड खांब घन इंधनाचा, आणि त्याला चार बाजूंनी द्रव इंधनाचे चार बूस्टर. आधी ती चार द्रव इंजिनं पेटतात. पुढचे पावणेपाच सेकंद संगणक बघतो की चौघांनी नीट जोर धरलाय का, आणि मगच मधला खांब पेटवतो. एवढी सावधगिरी का, तर द्रव इंजिनाची झडप मिटली की ते बंद पडतं. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, ते संपेपर्यंत जळणार. त्या दिवशी चारांतल्या एकानं जोर धरला नाही. संगणकानं चारही बंद केली. खाली धूर आणि मध्ये रॉकेट जसंच्या तसं उभं. दुसऱ्या दिवशी पेपरांनी फजितीच्या सुरात लिहिलं. आम्हाला मात्र ती यंत्रणा पास झाल्याचा आनंद होता, कारण तिची खरी परीक्षा मुद्दाम घेता येत नाही. तेच रॉकेट दुरुस्त होऊन १८ एप्रिलला उडालं. तीन आठवड्यांत!

चंद्रयान-२ तर सगळ्यांना आठवत असेल. १५ जुलै २०१९, रात्रीची वेळ, राष्ट्रपती हजर, आणि मोजणी ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबली. २२ जुलैला उड्डाण झालं. राष्ट्रपती समोर बसलेले असताना "नाही" म्हणता येणं, याचा पगार असतो. बटणाचा नाही.

मुलींचं विचारलंत. श्रीहरिकोट्यातून उलट्या मोजणीचा जो आवाज देशानं वर्षानुवर्षं ऐकला, तो वलरमती मॅडमचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या. चंद्रयान-२ च्या मिशन डायरेक्टर रितू करिधाल होत्या. आणखी काय सांगू?

बाकी उद्या लिहितो, डोळे दुखतात.

यंत्रमागवाला

काका, वाचून अंगावर काटा आला. आमच्या मागालाही बाण्याचा, म्हणजे आडवा दोरा तुटला की माग आपोआप उभा राहतो. नवीन कामगार त्यावर चिडतो, "सारखा थांबतोय" म्हणून. जुना चिडत नाही. दोरा तुटलेला असताना चालत राहिलेला माग किती टॉवेल वाया घालवतो, ते त्यानं पाहिलेलं असतं.

भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे थांबवायची नोकरी?" आणि जरा हिरमुसली. उद्याचं लवकर लिहा.

कोरडा_प्रतिसाद

कुणी रागावू नका, पण एक बाजू मीही मांडतो. मी सोलापुरातूनच मेकॅनिकल केलं. इस्रोची लेखी परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत पोचलो आणि तिथं राहिलो. पुन्हा दिली, पुन्हा तेच. नंतर वय निघून गेलं. जागा थोड्या आणि अर्ज डोंगराएवढे. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात एकच दार ठेवू नका. 'यांत्रिकी शिकायचंय आणि त्यातून रॉकेटकडे जायचंय' हे चालेल. 'रॉकेट नाही तर काहीच नाही' असं मनात बसलं की पुढं फार जड जातं. मला गेलं.

आता मी हैदराबादला झडपा बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. आमचा काही माल रॉकेटवाल्यांकडे जातो. म्हणजे मागच्या दारानं का होईना, पोचलो.

उलटी_गणती

कोरडा_प्रतिसाद यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यांची झडप माझ्या मुलाखतीपेक्षा जास्त कामाची आहे, हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

आता रस्ते. 'लाँच इंजिनिअर' नावाचं पद नाही. भरती 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' या पदावर होते. बी.ई. किंवा बी.टेक., मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर. पदवीला ६५ टक्के किंवा त्याच्या बरोबरीचा ग्रेड लागतो. वयाची अट सर्वसाधारण गटाला २८. लेखी परीक्षा, मग मुलाखत. काही भरत्या गेटच्या (इंजिनिअरिंगनंतरच्या परीक्षेच्या) गुणांवरही झाल्या आहेत. दर जाहिरातीत अटी थोड्या बदलतात, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, त्या वेळची जाहिरात वाचा. मूळ पगार ५६,१०० पासून सुरू, वर भत्ते.

दुसरा रस्ता तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेचा, आयआयएसटीचा. ती २००७ साली सुरू झाली. प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर. तिथून इस्रोत जाता येतं, पण चांगले गुण आणि रिकाम्या जागा, दोन्ही लागतात.

मराठी माध्यमाचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं मला इंग्रजीत प्रश्न विचारायची लाज वाटायची. पुढं कळलं की तिथं अर्धे लोक तेलुगू-तमिळमधून विचार करून इंग्रजी बोलतात. चुका सगळ्यांच्याच होतात. लाजेपायी प्रश्न गिळला, तर ती चूक मात्र महागात पडते.

आणि भाची हिरमुसली ना? तिला विचारा, नंदीध्वज बघितलाय का? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. एवढी उंच काठी, पेलणारा माणूस तळाशी. वर शेंडा एकीकडे झुकला की तो खाली त्याच बाजूला पाऊल टाकतो आणि काठी पुन्हा सरळ करतो. इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट ४४ मीटर उंच आणि ३२० टन वजनाचं आहे, आणि तेही असंच तळातून पेललं जातं. शेंडा झुकायला लागला की खालच्या इंजिनाच्या झोताची दिशा किंचित फिरवायची. फरक एवढाच की हा पेलणारा सेकंदात कितीतरी वेळा पाऊल टाकतो आणि त्याला मिरवणुकीची सवय नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी साहेबांनी मला हे गणितानं समजावलं. माझ्या डोळ्यासमोर मात्र यात्रेतल्या संमती कट्ट्याची गर्दी होती.

तेव्हा थांबवणं हे काम आहेच, पण ज्याला पेलणं कळतं त्यालाच थांबवणं कळतं. त्यासाठी गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं हवं. यात सूट नाही.

फिटर_दुसरी_पाळी

साहेबांनी इंजिनिअरचं सांगितलं, आता आमचंही ऐका. रॉकेटला हात लावतो तो टेक्निशियन. मी दहावीनंतर आयटीआय फिटर केलं आणि 'टेक्निशियन बी' म्हणून लागलो. मूळ पगार २१,७०० पासून. डिप्लोमा प्रथम श्रेणीत असेल तर 'टेक्निकल असिस्टंट', तिथं मूळ ४४,९०० पासून. भाऊजींचं म्हणणं एकदम टाकाऊ नाही.

काम कसं चालतं ते सांगतो. कागदावर एकेक पायरी लिहिलेली असते. एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा करतो, तिसरा बघून सही करतो. बोल्ट किती जोरात आवळायचा त्याचा आकडा असतो, आणि आवळल्यावर पाना परत जागेवर ठेवून मोजायचा. दहा पाने आत गेले तर दहाच बाहेर आले पाहिजेत. नऊ आले तर काम बंद, दहावा सापडेपर्यंत. एकदा आमच्यातल्या एकाचा पेन हरवला. खिशात फाटक्या अस्तरात निघाला, पण दीड तास सगळे जमिनीवर रांगत होते. कुणी हसलं नाही.

द्रव इंधन भरणारी माणसं वेगळी. हायड्राझीन जातीचं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड, दोन्ही विषारी. दोन्ही एकत्र आली की ठिणगी न लागताच पेटतात. ती माणसं अंगभर सूट घालून, हवा सोबत घेऊन काम करतात. मे महिन्यात, समुद्रकाठच्या उकाड्यात. सोलापूरच्या उन्हाचं कौतुक मी तेव्हापासून सोडलं.

वालचंदनगरकर

मंडळी, सोलापूरचा या विषयाशी संबंध नाही असं समजू नका. शेठ वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे, १८८२ सालचे. त्यांच्या नावाचं वालचंदनगर इथून फार लांब नाही, इंदापूर तालुक्यात. तिथल्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची पोलादी कवचं बनतात. २.८ मीटर व्यासाचे पाच तुकडे, मॅरेजिंग नावाच्या फार मजबूत पोलादाचे. त्यांत १३९ टन घन इंधन बसतं.

साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या गावात हे होतं. माझ्या घरातलं एक माणूस तिथं वेल्डिंगच्या तपासणीला होतं. जोडाचा क्ष-किरण काढायचा, फोटोत केसाएवढी रेघ दिसली की जोड परत. वेल्डर रुसायचा, जेवायला थांबायचा नाही. पण तो तुकडा श्रीहरिकोट्यात उभा राहून पेटणार, आणि काकांनी वर लिहिलंय तसं, घन इंधन पेटल्यावर विझत नाही. थांबवायचं काम इथंच, इंदापूर तालुक्यात, वेल्डिंगच्या टेबलावर सुरू होतं.

पुलिकत_काठी

घरच्यांची बाजू कुणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. लग्न झाल्यावर बारा वर्षं आम्ही तिथल्या वसाहतीत होतो.

श्रीहरिकोटा म्हणजे बेटच. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसरीकडे पुलिकत सरोवर. सुळ्ळूरपेट्याहून पाण्यातून गेलेला लांब रस्ता. थंडीत त्या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते मात्र डोळ्याचं पारणं फेडतात. वसाहतीत शाळा, दवाखाना, दुकानं आहेत. चांगली साडी घ्यायची तर चेन्नई. माहेरी यायचं तर रेल्वे सोयीची, कारण मुंबई-चेन्नई मार्गावरच आपलं सोलापूर आहे. वाडी, रायचूर, गुंतकल करत रेणिगुंटा. तिथून गुडूरकडे जायचं, नाहीतर सरळ चेन्नई गाठून लोकलनं मागं सुळ्ळूरपेट्याला यायचं.

मोहीम सुरू झाली की नवरा घरात पाहुण्यासारखा. पोराचा वाढदिवस ठरवायचा नाही, कारण तारीख पुढं ढकलली गेली की सगळंच ढकललं जातं. उड्डाणाच्या दिवशी आम्ही गच्चीवर. आधी प्रकाश दिसतो, मग काही सेकंदांनी खिडक्या थरथरतात. पोरं टाळ्या वाजवायची. मी नाही वाजवायची. मला नवऱ्याचा फोन येईपर्यंत काही सुचायचं नाही, आणि आत मोबाईल नेता येत नाही, म्हणजे फोन रात्रीच.

एक गंमत. यंत्रमागवाले, पूर्व भाग म्हणता, मग घरात तेलुगू बोलत असालच ना? तुमची भाची तिथं घरचीच होईल. मला बाजारात वांगी मागायला सहा महिने लागले.

यंत्रमागवाला

हो ताई, घरात तेलुगूच. पण आमची तेलुगू सोलापूरची. निम्मी मराठी, वरून "बे". तिकडचे लोक हसतात. तिरुपतीला गेलो होतो तेव्हा हॉटेलवाल्यानं विचारलं, "तुम्ही नक्की कुठले?"

आमची अव्वा (आजी) हे ऐकून खूश झाली. म्हणते, "पोरगी आपल्याच मुलखात चाललीय, मग रडता कशाला?"

मंगळवार_पेठ

एक शंका. २०१८-१९ ला आपल्याकडं ढगांवर विमानं फिरवत होते, पाऊस पाडायला. ते पण इस्रोच ना?

उलटी_गणती

नाही. तो पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा प्रयोग होता, विमानातून ढगांत मीठ सोडायचा. इस्रोचा नव्हे. पण हवामानाशी आमचा संबंध रोजचा. उड्डाणाआधी फुगे सोडून वरच्या वाऱ्याचा वेग मोजतात. खाली झुळूकही नसते आणि वर दहा-बारा किलोमीटरवर वारा असा असतो की रॉकेटची कंबर मोडेल. वीज तर नकोच नको.

रेंज सेफ्टीबद्दल राहिलंच. रॉकेट वाट सोडून वस्तीकडे वळायच्या आत ते हवेतच नष्ट करायचा आदेश देणारा एक अधिकारी असतो. २५ डिसेंबर २०१० ला जीएसएलव्ही-एफ०६ उडालं. पाऊण मिनिट सगळं ठीक, मग बूस्टरना आज्ञा पोचेनात. क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) टप्प्याच्या तळाशी असलेले कनेक्टर निसटले होते. रॉकेट भरकटलं, आणि नष्ट करण्याचा आदेश गेला. कित्येकांची वर्षानुवर्षांची मेहनत, आणि निर्णयाला काही सेकंद. त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला जेवताना बघा, तो कमी बोलतो. भाचीला ही खुर्चीही माहीत असू दे.

कोरडा_प्रतिसाद

आणखी एक. आता फक्त सरकारी दार नाही. हैदराबादच्या स्कायरूटनं १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस उडवलं. चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्यातच स्वतःच्या तळावरून उड्डाण केलं. तामिळनाडूत कुलसेकरपट्टिनमला छोट्या रॉकेटांसाठी नवा तळ होतोय. श्रीहरिकोट्यातून दक्षिणेला जायचं तर श्रीलंका चुकवायला वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन जातं, या नव्या तळावरून सरळ जाता येईल. ही मुलगी पदवी घेईपर्यंत माणसं लागतील. खाजगीत नोकरी पक्की नसते, पण दोन वर्षांत हाताखालून जितकं जातं तितकं सरकारीत दहा वर्षांत जात नाही.

फिटर_दुसरी_पाळी

दहा वर्षांचं जरा जास्त झालं साहेब. बाकी मान्य.

यंत्रमागवाला

मंडळी, काल घरात बैठक झाली. अकरावी सायन्स, पण लातूर नाही, सोलापुरातच. बारावीला जमलं तर जेईई, नाही जमलं तर इथंच मेकॅनिकल. भाऊजी आधी गप्प होते. वालचंदनगरचा प्रतिसाद वाचल्यावर म्हणाले, वेल्डिंग तपासायची नोकरी पण चालेल.

एवढ्यात भाचीनं फोन घेतलाय, पुढचं तीच लिहितेय:

काका, मी भाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानची (माणसं अंतराळात न्यायच्या मोहिमेची) चाचणी पाच सेकंदांवर थांबली आणि मग त्याच सकाळी दहा वाजता उडाली. त्या मधल्या वेळात आतल्या माणसांनी काय केलं? टीव्हीवर ते दाखवलंच नाही.

उलटी_गणती

बाळ, मी तेव्हा निवृत्त झालो होतो, त्यामुळे त्या सकाळचं आतलं सांगू शकत नाही. पण अशा वेळी क्रम कसा असतो ते सांगतो.

पहिल्यांदा कुणीही खुर्चीवरून उठत नाही. पेटवण्याची साखळी खुली आहे की बंद, ते आधी बघतात. तिला सुरक्षित स्थितीत आणतात, आणि तसं झाल्याचं दोघे वेगवेगळे तपासून सांगतात. तोवर रॉकेटजवळ कुणाला सोडत नाहीत. मग टाक्यांमधला दाब, बॅटऱ्या किती वेळ टिकतील, हवामान किती वेळ साथ देईल. हे सगळं चालू असताना बाजूला दोन-तीन जण एकच प्रश्न सोडवत असतात: संगणकानं नेमका कुठला आकडा बघून थांबवलं? यंत्र बिघडलंय, की यंत्रावर नजर ठेवणारी व्यवस्था? दोन्हींची उत्तरं वेगळी. त्या दिवशी दोष नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेत होता, म्हणून तो दुरुस्त करून पुन्हा मोजणी सुरू करता आली. यंत्रात असता तर त्या दिवशी उडालं नसतं.

एक करून बघ. मामाच्या मागावर जा. माग थांबला की लगेच चालू करायचा नाही. दोरा खरंच तुटलाय की फक्त तुटल्याचं दाखवतोय, ते आधी स्वतः शोध. आठवडाभर वहीत लिही आणि मग इथं टाक.